भट्टीची धग आणि मूत्रपिंडं

चिंचवड, भोसरी, चाकण. इथल्या फाउंड्रीत उन्हाळ्याच्या पाळीला कामगार घामानं निथळतात. शरीरातलं पाणी घटलं, की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठाही घटतो.

एरवी दोन्ही मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये मधुमेह नसलेल्या शेतमजुरांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं डॉक्टरांनी 2002 मध्ये नोंदवलं. पुढे ऊसतोडीसारख्या उन्हातल्या कष्टांवर संशय बळावला. भट्टीसमोर राबणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

तिथे दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. अंगदुखीवर मनानंच डायक्लोफिनॅक घेणं तर टाळावंच. पाणी कमी झालेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडांना थेट इजा करू शकते.

तरीही मूत्रपिंडं निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच. आजार सुरुवातीला दुखत नाही, म्हणून हे विकार असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. गुरुवारी इथल्या अनेक कारखान्यांना सुट्टी असते, दवाखाने मात्र उघडे असतात. येत्या गुरुवारी जरूर जा.