न्यायाधीशाचा पश्चात्ताप आणि अ‍ॅडमचा दावा



सॅम्युअल सिवॉल हा मॅसॅच्युसेट्स वसाहतीतला प्युरिटन न्यायाधीश. १६९२ मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्या न्यायासनावर तोही होता. जानेवारी १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये तो भर सभेत उभा राहिला आणि पाद्र्याने त्याची लेखी कबुली वाचून दाखवली. त्या न्यायाधीशांपैकी असं जाहीरपणे करणारा तो एकटाच.

१७०० मध्ये त्याने ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ ही गुलामगिरीविरोधी पुस्तिका छापली. सगळी माणसं आदामाची लेकरं, म्हणून स्वातंत्र्यावर सगळ्यांचा सारखा हक्क, असं तो म्हणतो. पण काळी माणसं आपल्यात कधीच मिसळणार नाहीत, असंही त्याच पुस्तिकेत लिहितो. मुक्ती मान्य, बंधुता नको. हा सूर आपल्या ओळखीचा आहे.

त्याच काळात बॉस्टनमध्ये अ‍ॅडम नावाचा गुलाम लढत होता. त्याचा मालक जॉन सॅफिन, तोही न्यायाधीशच. मुक्तीचं वचन लेखी देऊन त्याने ते मोडलं. वर १७०१ मध्ये सिवॉलला उत्तर म्हणून गुलामगिरीच्या समर्थनाची पुस्तिका काढली. अ‍ॅडम मागे हटला नाही. १७०३ मध्ये कोर्टातून स्वतंत्र झाला.

सिवॉलची रोजनिशी आज छापील मिळते. अ‍ॅडम सापडतो तो कोर्टाच्या कागदांत आणि मालकाच्या तक्रारीत. तुम्ही संशोधनाला बसाल तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्याला त्याचं श्रेय जरूर द्या; पण दावा लढणाऱ्याचं नाव आधी शोधा.

जय भीम.