वाकायामा : डोंगर, समुद्र आणि एक भिंत

जपानच्या ४७ प्रीफेक्चरपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, आज आपण जाणार आहोत वाकायामाला. नाव फारसं ऐकलेलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं. पण तिथल्या एका भिंतीची गोष्ट वाचली आणि ठरवलं, ही तुम्हाला सांगायचीच.

आधी नकाशा. ओसाकाच्या दक्षिणेला की नावाचं मोठं द्वीपकल्प समुद्रात घुसलंय. त्याचा नैर्ऋत्येकडचा भाग म्हणजे वाकायामा. होन्शू या मुख्य बेटाचं अगदी दक्षिणेचं टोक, शिओनोमिसाकी, इथेच. सपाट जमीन थोडी, बाकी सगळे डोंगर. उतारावर संत्र्यांच्या आणि उमे नावाच्या आंबट फळाच्या बागा.

डोंगरात सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे कोयासान. ८१६ साली कूकाई या बौद्ध भिक्षूला सम्राटाकडून ही जागा मिळाली. कूकाई अजूनही तिथे ध्यानस्थ बसलेत अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्यासाठी रोज दोन वेळा जेवण नेलं जातं! समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर, उंच झाडांखाली, दोन लाखांहून जास्त थडगी आहेत. कोयासान आणि कुमानोच्या यात्रामार्गांना २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि आपला धागा? २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आपल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या, देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते.

आता खाली उतरूया, किनाऱ्यावर. हिरो नावाचं गाव. २४ डिसेंबर १८५४, संध्याकाळची वेळ. प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी. अंधारात लोकांना पळायची दिशा कळेना. तेव्हा हामागुची गोर्यो या माणसाने शेतातल्या भाताच्या गंजी पेटवल्या. कोकणात आपण उडवी म्हणतो ना, तशा. त्या उजेडाच्या रोखाने लोक टेकडीवरच्या देवळापाशी पोचले. बरेच जीव वाचले.

पुढे या गोष्टीत गोर्यो म्हातारा झाला. लाफ्काडिओ हर्नच्या १८९७ च्या पुस्तकातून ती इंग्रजीत गेली आणि जपानी शाळांच्या धड्यातही आली. खरा गोर्यो तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरचा होता, सोया सॉस बनवणाऱ्या घराण्यातला.

पण मला आवडतो तो यानंतरचा भाग. घरं गेली, होड्या गेल्या, लोक गाव सोडायच्या बेतात. गोर्योने स्वतःच्या पैशातून समुद्राकाठी बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच रोजंदारीवर कामाला लावलं. म्हणजे आज पोटाला काम आणि उद्यासाठी भिंत. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीची कामं निघतात, तसंच थोडं. चार वर्षं काम चाललं. सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच बांध उभा राहिला.

गोर्यो १८८५ मध्ये वारला. त्याने काही त्या बांधाची परीक्षा पाहिली नाही. ती झाली १९४६ मध्ये. पुन्हा मोठा भूकंप, पुन्हा त्सुनामी. आणि बांधामागचं बहुतेक गाव वाचलं. पण बांधाच्या आडोशाबाहेर जिथे वस्ती वाढली होती, तिथे पाणी शिरलं आणि माणसं गेली. भिंत जिथपर्यंत, राखण तिथपर्यंतच.

जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १८५४ ची ती त्सुनामी अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी आली होती. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. त्या समुद्रात असा भूकंप पुन्हा होणार, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. बांधावर माती घालायचा कार्यक्रम तिथे अजून दरवर्षी होतो.

गंजी पेटवायला एक क्षणाचं धाडस लागतं. भिंतीला चार वर्षं लागतात, आणि ती उपयोगी पडते ती बहुधा आपल्यानंतरच्यांना. तुमच्या गावात अशी कुणी बांधून ठेवलेली विहीर, बंधारा, धक्का आहे का? असेल तर मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!