वेग सगळ्यात शेवटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या बॅचने मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. अकरावीच्या प्रवेशाची धावपळ चालू असताना १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. शाळा सुटली आणि घर न बदलता जिल्हाही बदलला.

संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने मी तो बदलला आहे. मी रिमोटच्या गाडीबद्दल बोलणार आहे. आज जेवणानंतर आपल्या बॅचने शाळेला काय भेट द्यायची ते ठरणार आहे आणि माझं बोलणं त्यासाठीच आहे.

आपल्या लहानपणी रिमोटच्या गाडीला वायर असायची. गाडी पुढे आणि आपण वायर धरून मागे. नंतर बिनवायरच्या गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या, त्यामुळे एकाच वारंवारतेच्या दोन गाड्या शेजारी आल्या की एकाचा रिमोट दाबला तरी दोन्ही पळायच्या. आता बहुतेक गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्या देशात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. प्रत्येक रिमोट फक्त आपल्या गाडीशी जोडलेला असतो, म्हणून एका मैदानावर सहा गाड्या सुखाने पळतात. ही कल्पना मात्र जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर बिनतारी संदेशांवर चालणारी छोटी होडी दाखवली होती. आणि आपल्या पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं ‘दक्ष’ हे बॉम्ब निकामी करणारं वाहन जिनेसुद्धा चढतं. मुलांनो, तेही दुरून चालवायचंच वाहन आहे.

माझी मुलगी सातवीत असताना तिला अशी एक गाडी भेट मिळाली. मे महिन्याच्या सुट्टीत ती गाडी घेऊन आम्ही शहाद्याला माहेरी आलो. पुण्यात सोसायटीच्या फरशीवर छान पळणारी गाडी इथे मुरुमावर जागच्या जागी चाकं फिरवत बसली. मुलगी आणि माझा भाचा, दोघांचं लगेच एकमत झालं: मोटार कमजोर आहे, मोठी बसवू.

नवशिके बहुतेक असंच ठरवतात. पण साध्या गाडीत जोरदार मोटार बसवली की काय होतं ते बघा. स्वस्त गाडीत संदेश घेणारा भाग आणि मोटारीला वीज पुरवणारा भाग एकाच छोट्या बोर्डावर असतो. मोठी मोटार जास्त करंट ओढते आणि बोर्ड जळतो. बोर्ड टिकला तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात. धातूचे गिअर बसवले तर चाकापर्यंत जाणारा दांडा तुटतो. आणि सगळं टिकलं तर गाडी भिंतीवर आदळते, कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. नववीच्या पुस्तकातलं गतिज ऊर्जेचं सूत्र इथे पुढच्या बंपरवर लिहिलेलं दिसतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक शिस्त असते: आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. मी मुलांना तेच करायला लावलं. अंगणाबाहेर मुरुमाच्या रस्त्यावर २० मीटर अंतर आखलं. मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं आणि एक वही केली. पहिली नोंद अशी: २० मीटरला ६ सेकंद, एका चार्जिंगमध्ये ११ मिनिटं आणि शेवटी मोटारीला बोट लावता येत नव्हतं.

पहिला बदल बिनखर्चाचा होता. गाडी उघडली, गिअरमध्ये अडकलेले केस आणि धूळ काढली, थोडं ग्रीस लावलं, सैल स्क्रू आवळले. आपल्याकडची मिरचीच्या पथाऱ्यांवरची आणि काळ्या मातीची धूळ किती बारीक असते, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा बदल बेअरिंग. नवशिक्यांच्या गाड्यांमध्ये चाकाचा दांडा बहुतेक प्लॅस्टिकच्या बुशमध्ये फिरतो. जपानच्या तामिया कंपनीच्या टीटी-०२ या लोकप्रिय गाडीच्या संचातही प्लॅस्टिकचे बुश येतात आणि जाणकार सर्वांत आधी तेच काढून बॉल बेअरिंग घालतात. घर्षण कमी झालं की बॅटरीची ताकद उष्णतेत वाया जाण्याऐवजी चाकाला मिळते. आमच्या गाडीचा वेळ यामुळे फारसा बदलला नाही, पण ती ११ ऐवजी १३ मिनिटं चालली आणि मोटार पूर्वीइतकी तापली नाही. मुलं हिरमुसली. मी म्हटलं, वही बघा, दोन मिनिटं फुकट मिळाली आहेत.

तिसरा बदल टायर. कडक प्लॅस्टिकची गुळगुळीत चाकं काढून मऊ रबराची, गुट्ट्यांची बसवली. २० मीटरला ६ सेकंद लागायचे, ते ५ वर आले. मोटार तीच, बॅटरी तीच. ताकद आधीपासून होती, ती जमिनीला लागत नव्हती.

त्यानंतर शॉकअप. नुसत्या स्प्रिंगच्या जागी तेल भरलेले शॉकअप घातले की खड्ड्यानंतर गाडी चेंडूसारखी उड्या मारत नाही, चाकं जमिनीवर राहतात. मग स्टिअरिंग. साध्या गाडीत ते पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा सरळ, एवढंच वळतं. चांगली सर्वो मोटार आणि तिला साजेसा रिमोट असेल तर जेवढं फिरवाल तेवढंच वळतं. आणि वळवता येत नाही अशा गाडीला वेग द्यायचा कशाला?

बॅटरीबद्दल मुलांनी नीट ऐकावं. निकेल मेटल हायड्राइडचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो, सहा मिळून ७.२ व्होल्ट होतात. तो दणकट असतो. लिथियम पॉलिमरचा एक सेल ३.७ व्होल्टचा. तो हलका आणि जोरदार असतो, पण ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाला, फुगला किंवा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत किंवा बंद मोटारगाडीत ही बॅटरी ठेवायची नाही आणि कोणी मोठं माणूस जवळ नसताना चार्जिंगला लावायची नाही. शाळेसाठी मी निकेलचीच सुचवेन.

मोटार आणि गिअर या सगळ्यानंतर. तोपर्यंत त्यांचा भार सोसणारं सगळं तयार झालेलं असतं. ब्रशलेस मोटार घ्यायची तर तिचा वेगळा कंट्रोलरही घ्यावा लागतो. आमच्या घरी तर तिथपर्यंत जायची गरजच राहिली नाही. सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस घोड्याचे पाय आणि खूर आधी बघतो, पळवून नंतर बघतो. गाडीचंही तसंच आहे.

आता भेटीबद्दल. एक प्रस्ताव प्रवेशद्वाराच्या कमानीचा आहे, त्यावर आपल्या बॅचचं नाव असेल. तो मांडणाऱ्यांचा मान राखून मी दुसरा मांडते. सहा साध्या रिमोटच्या गाड्या, सहा पेचकस संच, दोन मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, बेअरिंग, ग्रीस, सुटे टायर, एक भक्कम टेबल आणि सहा वह्या. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आहेत. त्यात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. शाळेने त्यासाठी जरूर प्रयत्न करावा. पण एका टेबलासाठी थांबायचं कारण नाही.

माझ्या तीन अटी आहेत. पहिली, हे सामान काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं नाही. गाड्या मोडतील, मोडू द्याव्यात. मोडलेली गाडी कुठे मोडली हे वहीत लिहिलं की तो तास कारणी लागला. दुसरी, सहापैकी तीन गाड्या मुलींच्या गटांकडे राहतील आणि पेचकसही त्यांच्याच हातात राहील. मुलींनी नुसत्या नोंदी लिहायच्या आणि मुलांनी गाडी उघडायची, असं होऊ नये.

तिसरी अट आपल्या बॅचसाठी. स्नेहमेळाव्यात पुण्या-मुंबईहून आलेले आपण व्यासपीठावर बसतो. इथे राहून रोज शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारा आपला मित्र तिसऱ्या रांगेत बसला आहे. मोटार का तापते, कशाने जळते, हे त्याच्याइतकं माझ्यासह व्यासपीठावरच्या कोणालाही ठाऊक नाही. मी वर्षातून दोनदा येईन, एरवी फोनवर मुलांशी बोलेन. पण महिन्यातला एक शनिवार त्याने शाळेला द्यावा, अशी माझी विनंती आहे. तो आला नाही तर हे सामान दिवाळीपर्यंत धूळ खाईल, हे आपल्या सगळ्यांना कळतं. त्याच्या त्या शनिवारच्या बुडालेल्या कामाचे पैसे आपल्या वर्गणीतून द्यावेत. त्यालाही शाळेने ‘सर’ म्हणावं.

मित्रा, मी तुला न विचारता सर्वांसमोर हे बोलले. जेवणाच्या पंगतीत तू हो किंवा नाही सांग. तुझं उत्तर आलं की मगच मतदान घेऊ.