थंडी कळते कशी?

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारी 1962 मध्ये पारा 7.4 अंशांवर उतरला होता. आता 15 अंशांतही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरणारे कानटोपी काढत नाहीत. उत्तरेकडच्यांनी हसावं खुशाल! त्वचा काही थर्मामीटर वाचत नाही. अंगातली उष्णता किती वेगाने निसटतेय, त्यावर तिचा हिशेब चालतो. म्हणून लोकलमधला स्टीलचा दांडा हातातल्या कापडी पिशवीपेक्षा गार लागतो, दोन्हींचं तापमान सारखं असूनही.

त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम-8 नावाची प्रथिनं असतात. तिथलं तापमान साधारण 26 अंशांखाली गेलं की ती उघडतात, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. पुदिन्यातलं मेंथॉलही त्यांना उघडतं. बाम चोळल्यावर कपाळ गार वाटतं ते त्यामुळेच. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी 2002 मध्ये स्वतंत्रपणे हा उलगडा केला. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरील संशोधनासाठी 2021 चं नोबेल दोघांना मिळालं.

वयाबरोबर ही जाणीव मंदावते. तेव्हा आजी-आजोबा ‘मला नाही बाई थंडी वाजत’ म्हणाले, तरी पहाटे त्यांच्या अंगावर शाल घालाच.