हाताने शिकलेली भाषा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. ते काम आपल्या कार्यवाहांनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. आमच्याकडे विषय आला आहे तो घरातला: मुलांचे छंद, घरचा खाऊ आणि हातांचे उद्योग. विषय लहान वाटेल. परंतु आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना तो वाटतो तितका लहान नाही. का नाही, ते आम्ही प्रथम सांगतो.

वडोदऱ्यात मराठी माणूस आला त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड. तिथून ते या शहरात आले आणि त्यांच्यामागून आपले कारकून, शिक्षक, पुजारी, वैद्य, गवई असे सारे आले. आपण गुजराती उत्तम बोलतो, शेजाऱ्यांशी आपला घरोबा आहे, आणि याचा आपल्याला अभिमान आहे. पण आता घरोघरी एक नवेच दृश्य दिसू लागले आहे. आजी मराठीत विचारते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. ‘जेवलास का?’, ‘अभ्यास झाला का?’ या दोन प्रश्नांपलीकडे दोघांचे बोलणे जात नाही. नातवाचे आजीवर प्रेम नाही असे नव्हे. प्रेम आहे, पण बोलायला विषय नाही, आणि विषय नाही म्हणून शब्द नाहीत.

यावर मराठीचे वर्ग काढावेत, असे पुष्कळ जण सुचवितात. वर्ग अवश्य काढावेत. परंतु आम्हांला असे दिसते की, मूल भाषा पुस्तकातून शिकते त्याच्या कितीतरी पट ती हाताने शिकते. दोन माणसे मिळून एखादी वस्तू करू लागली की बोलल्यावाचून चालतच नाही. ‘धर’, ‘सैल सोड’, ‘पीळ दे’, ‘काठ दुमड’, ‘जरा पातळ कर’. ही क्रियापदे कोणत्याही वर्गात शिकविली जात नाहीत. ती कामाच्या ओघात येतात आणि जन्मभर राहतात. म्हणून आज आम्ही उपदेश न करता तीन-चार कामेच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पहिले काम दिवाळीच्या किल्ल्याचे. हा खेळ आपल्या मुलांचा खास आहे. विटांचे तुकडे, दगड, फुटक्या कुंड्या रचून डोंगराचा आकार करावा. जुने गोणपाट चिखलाच्या काल्यात बुडवून त्यावर पांघरावे आणि वरून माती लिंपावी. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडीत जावे. लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा दिसावयास हवा असेल, तर पेरणी चार-पाच दिवस आधी करावी. हा हिशेब मुलांनी स्वतःच मांडावा.

पण किल्ला म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. पाणी कोठे साठवायचे? म्हणून टाके. वेढा पडला तर बाहेर कसे पडायचे? म्हणून चोरदरवाजा. डोंगराच्या सपाट सोंडेवर तट बांधला की ती माची, आणि सर्वांत वर बालेकिल्ला. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडविला आहे की समोरून येणाऱ्याला तो जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. हे वाचून कळत नाही. मातीचे दोन बुरुज करून त्यांच्या मागे आगपेटीचा दरवाजा बसविला की सहा वर्षांच्या मुलालाही कळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. दरवर्षी त्यांतला एक करावा, म्हणजे मूल पहिलीत गेल्यापासून बारावी होईपर्यंत बारा दिवाळ्यांचे काम झाले! आणि मध्येच एखाद्या वर्षी आपल्या सोनगडालाही विसरू नये. सदनिकेत अंगण नसते, हे खरे. तेथे जुन्या पाटावर किंवा पत्र्याच्या परातीत, सज्जाच्या कोपऱ्यात हातभर किल्ला होतो. तोफा लहान कराव्या, इतकेच.

दुसरे काम आकाशकंदिलाचे. बाजारात तो सहज मिळतो. तरी एकदा घरी करून पाहावा, कारण त्यात भूमिती दडलेली आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या मोठ्या माणसाने कापून, तासून द्याव्या. त्यांचे सहा चौकोन बांधावे. चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडीत त्यांचे कडे करावे. पाचवा चौकोन त्यांच्या वरच्या टोकांवर आडवा बांधावा, सहावा खालच्या टोकांना. बारा ठिकाणी दोरा बांधला की काम झाले, आणि पाहता पाहता आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. ते कोणी केले नाहीत, तरी झाले! मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आश्चर्य उमटते, त्याची किंमत करता येत नाही. चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही, हेही हाताला तेव्हाच समजते. म्हणून बाजूच्या चौकोनांवर पतंगी कागद चांगला ताणून चिकटवावा. वरचा आणि खालचा चौकोन मात्र उघडा ठेवावा, म्हणजे दिवा आत घालता येतो आणि ऊबही कोंडत नाही.

चिकटविण्यासाठी खळ घरीच करावी. दोन चमचे मैदा पेलाभर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळीत पारदर्शक होईतो शिजवावा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. ते विष आहे. मुलांच्या हाती देण्याच्या खळीत ते कदापि घालू नये. लागेल तेवढी खळ रोज ताजी करावी. आमचे गुजराती शेजारी खळीला ‘लाही’ म्हणतात, आणि आपली लाही तर भाजलेल्या धान्याची! अशा गमती मुलांना फार आवडतात. एका शब्दाचे दोन घरांतले दोन अर्थ कळले की दोन्ही भाषा पक्क्या होतात. आपली भाकरी ज्वारी-बाजरीची, त्यांची भाखरी गव्हाची खुसखुशीत. हा भेद ज्या मुलाने दोन्ही स्वयंपाकघरांत खाऊन जाणला, त्याला कोणतीही भाषा परकी वाटणार नाही. दिवाळीला उरलेला पतंगी कागद आणि कामट्या उत्तरायणाला उपयोगी पडतात, हा आपल्या शहरात राहण्याचा आणखी एक लाभ.

आता खाऊकडे वळू. वडोदऱ्याची सेव-उसळ आज गुजरातभर प्रसिद्ध आहे, आणि त्या नावातला ‘उसळ’ हा शब्द आपलाच आहे. ही उसळ घरी करताना मुलांना पहिल्यापासून हाताशी घ्यावे. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी, पुरचुंडी उबेला ठेवावी आणि दिवसाकाठी एक-दोनदा पाणी शिंपडावे. दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात. मोड आल्याने कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि ते शिजायलाही हलके होते. उपसणे, निथळणे, मोड येणे, फोडणी देणे, तर्री येणे. एका वाटीभर मटकीत किती शब्द भिजलेले असतात, पाहा!

मोड आलेल्या दाण्याचा विषय निघाला म्हणून एक आठवण सर्वांना करून देतो. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. पण त्यांचे काही शिक्षण आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात झाले. १८९० मध्ये महाराज सयाजीराव तिसरे यांच्या राज्यात निघालेली, हाताच्या कौशल्याला विद्येचा मान देणारी ही संस्था. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला; त्याच्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेबांनी घरीच एक छोटा चित्रपट तयार केला. त्याचा विषय काय, तर कुंडीतला वाटाण्याचा वेल! रोज थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. पुढील कामात फिल्म धुण्यापासून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हाताशी होत्या. भारतीय चित्रपटाचा पाया असा घरात, कुंडीशेजारी घातला गेला. आज प्रत्येकाच्या घरात छायाचित्र घेणारा फोन आहे. तो मुलांच्या हातून ओढून घेण्याची भांडणे आपण नित्य करतो. त्यापेक्षा कुंडीत चार वाटाणे पेरावे, फोन एकाच जागी, एकाच वेळी ठेवून रोज एक चित्र घ्यावे आणि महिन्याने सारी चित्रे भराभर पाहावी. तोच फोन मग खेळणे न राहता हत्यार होतो. अगदी लहानांची गोष्ट मात्र वेगळी. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक पडदा नको आणि त्याखालच्यांना मुळीच नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

गोड खाऊबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. घरचे ते सारे पथ्याचे, अशी आपली समजूत असते. गूळ चांगला खरा, पण तोही साखरेच्याच हिशेबात धरावा लागतो. याच संघटनेच्या २०१५ मधील शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सुमारे सहा चमचे. मुलांना त्याहून कमी. बाजारच्या फसफसत्या पेयाची एक लहान बाटली प्याली की हा हिशेब तेथेच संपतो. म्हणून लाडू लहान वळावा आणि त्यात ऐवज भरावा. दोन वाट्या भाजलेल्या दाण्यांचे कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, पाऊण वाटी किसलेला गूळ आणि चिमूटभर वेलदोडा. एवढे एकत्र मळले की पाकाशिवाय लिंबाएवढे लाडू वळता येतात. विस्तव नाही, चटका नाही, म्हणून हे काम मुलांचे. लहानग्यांना अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते, तेव्हा कूट बारीकच असावे.

आता आपल्या मनातल्या शंका. पहिली, वेळ कोठे आहे? घरातील स्त्री नोकरी करून येते. तिच्यावर आणखी हे ओझे कशाला? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच हे काम तिच्या एकटीचे नाही, असे आम्ही निक्षून सांगतो. लाडू वळायला आजोबांनी बसावे, खळ शिजवायला वडिलांनी उभे राहावे. किल्ला मुलींनी करावा आणि रांगोळी मुलांनीही काढावी. दुसरी शंका, घर खराब होते. होते! जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि आवरण्याचे काम खेळाचाच भाग समजावे. तिसरी, परीक्षेत याला गुण नाहीत. यावर आम्ही ताराबाई मोडक यांचे नाव घेतो. या मराठी विदुषीने गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी उभी केली. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने यांवरच त्यांनी मुलांना मोजणे, जुळवणे, निवडणे शिकविले. जे शिक्षण शिंपल्यांतून होते, ते कामट्यांतून आणि मटकीतून होणार नाही काय?

शेवटी न्यासाला एक विनंती. आपले सभागृह रविवारी सकाळी बहुधा रिकामे असते. महिन्यातून एका रविवारी दोन तास ते मुलांसाठी आणि आजीआजोबांसाठी उघडावे. एक पेटी असावी. तीत कात्र्या, सुईदोरा, पतंगी कागद, कामट्या. शुल्क नको, व्याख्यान नको, आणि बक्षिसाची स्पर्धाही नको. कारण स्पर्धा आली की किल्ला मुलांचा न राहता पालकांचा होतो. एकच नियम असावा: त्या दोन तासांत जे मागायचे ते मराठीत मागायचे. शब्द अडला तर आजीने सांगावा. शेजारची गुजराती मुले आली तर त्यांचे स्वागत करावे आणि त्यांच्याकडून पतंग छाटायला शिकावे. ज्या वृद्धांना घरी दुपार जाता जात नाही, त्यांनाही येथे कोणी वाट पाहणारे मिळेल.

पन्नास वर्षांत आपल्या न्यासाने विद्यार्थ्यांना वह्या दिल्या, अडलेल्यांना औषधपाणी दिले, निराधारांना आधार दिला. पुढील पन्नास वर्षांत आपल्या नातवंडांच्या तोंडी आपली भाषा राहील की नाही, हे मात्र देणग्यांवर अवलंबून नाही. ते आपण त्यांच्याजवळ मांडी घालून बसतो की नाही, यावर आहे. दिवाळी फार दूर नाही. माती आणून ठेवा, हळीव घेऊन ठेवा, आणि पहिल्या रविवारी येथे या.