मदरबोर्ड बदलावा काय?



आपल्या वाचनालयातला संगणक फार मंद झाला आहे. पोरे अर्ज भरायला बसतात अन् ताटकळतात. काही मंडळी म्हणतात, मदरबोर्डच बदला. पैसा वर्गणीचा आहे. म्हणून आधी नीट पाहू या.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतली मोठी पाटी. बाकीचे भाग तिलाच जोडलेले असतात. आपली पाटी जुनी, डीडीआर ३ रॅमची. ती रॅम डीडीआर ४ च्या खाचेत बसतच नाही. प्रोसेसरचेही तसेच. म्हणजे नव्या पाटीपायी तिघांचा खर्च!

आपला संगणक सुरू होतो, बंद पडत नाही, नुसता रखडतो. असा दोष बहुधा पाटीचा नसतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मग मजकूर सापडतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, की फरक लगेच दिसतो. रॅम ४ जीबी आहे, ती ८ करता येईल. पण आम्ही आधी एसएसडीच घेऊ. उद्या पाटी बदललीच, तरी एसएसडी चालेल. ही रॅम चालणार नाही.

एक अडचण मात्र राहते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर अन् टीपीएम २.० लागते, आपल्याकडे ती नाहीत. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते. ते शिकावे लागेल, एवढेच.

पाटीवरचे कपॅसिटर फुगलेले निघाले, तर गोष्ट वेगळी. कारागिराला पेटी आपल्यासमोरच उघडायला सांगू.