सातपुड्यातील एकाकी भाषा



बडोद्यात मराठीविषयी बोलताना आपला सूर बहुधा काळजीचा असतो. आजी मराठीत विचारते, नातू गुजरातीत नाहीतर इंग्रजीत उत्तर देतो. ही काळजी खरी आहे. पण तिला एक दिलासाही आहे. इथली मराठी उद्या क्षीण झाली तरी पुण्यात, नागपुरात ती नांदत राहील. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, त्या भाषेला असे दुसरे घर नाही, आणि तिचे पहिले घर महाराष्ट्रातच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि पलीकडे मध्य प्रदेशात निहाल समाज राहतो. त्यांची भाषा निहाली. ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास मानले जातात. मराठीला गुजराती, हिंदी, बंगाली अशा बहिणी आहेत. शेजारच्या कोरकूलाही संताळी, मुंडारी अशी दूरची भावंडे आहेत. निहालीचे मात्र कोणत्याच भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात निहालीची नोंद कोरकूच्या आश्रयाने झाली. पुढे डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले शब्द बाजूला काढल्यावरही सुमारे चतुर्थांश शब्द असे उरले, की ज्यांचा उगम कुठेच लागेना. पुण्याच्या आशा मुंडले आणि के. एस. नागराज यांनीही या भाषेवर परिश्रम घेतले.

एक उदाहरण देतो. पंचमहाभूतांतले ‘आप’ म्हणजे पाणी, हे आपल्याला ठाऊक आहे. निहालीत ‘आपो’ म्हणजे अग्नी! पाण्याला शब्द आहे ‘जोप्पो’. आकड्यांत ‘बिदुम’ म्हणजे एक, हा शब्द तिचा स्वतःचा. दोनसाठी ‘इरार’ आणि चारसाठी ‘नालो’ ऐकले, की कानडी जाणणाऱ्याला ‘एरडू’ आणि ‘नाल्कु’ आठवतील. पाचपासून पुढचे आकडे आपल्याकडचे. एवढ्याशा मोजणीत शेजाऱ्यांचे थर दिसतात. त्यांच्या तळाशी जे उरते, ते कोणाचे, हे सांगणारा दुसरा पुरावा आपल्याजवळ नाही.

अशी भाषा एका दिवसात जात नाही. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबले, म्हणून कोरकू आली. बाजाराला हिंदी लागली, शाळेला मराठी. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत. म्हणजे सरकारी तक्त्यातही तिला ओळ नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, चिलीमध्ये यागान ही अशीच एकाकी भाषा होती. क्रिस्तिना काल्देरोन ही तिची अखेरची जाणकार वृद्धा फेब्रुवारी २०२२ मध्ये वारली. शब्दकोश मागे राहिला. ज्याच्याशी बोलावे असे माणूस राहिले नाही.

निहाली मुलाला आपली भाषा सोडायला लावणाऱ्या भाषांत आपली मराठीही आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. इथे आपण थोडे आहोत. तिथे आपण बलवान आहोत. या बाबतीत धडा शोधायला आपल्याला बडोद्याबाहेर जावे लागत नाही. सयाजीरावमहाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजघराणे मराठी होते, पण गुजराती प्रजेची मुले गुजरातीतच शिकली. राजाच्या भाषेने प्रजेच्या भाषेला शाळेतून हुसकले नाही. पुढे याच शहरात १९९६ साली गणेश देवी यांनी ‘भाषा’ केंद्र स्थापले, आणि तेथूनच २०१० साली भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण उभे राहिले.

निहाल मुलांनी मराठी शिकू नये, असे मी म्हणत नाही. ती त्यांना हवी आहे, आणि नोकरी-व्यवहाराला लागणारही आहे. पण पहिल्या दोन-तीन इयत्तांत गुरुजींना मुलांचे शंभर-दोनशे शब्द यावेत, गावातल्या जाणत्या माणसाला वर्गात बोलावून गोष्टी सांगायला लावाव्यात, एवढे अवघड नाही. आपल्यापैकी अनेकांचे नातलग विदर्भ-खानदेशात शिक्षक आहेत, अधिकारी आहेत. त्यांच्याशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा निहालीचा विषय काढा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.